सड्याची माती राईला

आमच्या पांगारवाडीच्या सड्यावर चढून आलेला पाहुणा दम खाता खाता हेच विचारतो, की पाऊस दोन्हीकडे सारखाच, मग इथे उघडा कातळ आणि कडेखाली घळीत एवढी दाट राई, हे कसं? शाळेतले गुरुजी सांगतात, पावसाच्या पाण्याबरोबर सड्यावरची माती घळीत उतरते, तिथे ओल धरते, म्हणून झाडं वाढतात. असेल तसंही. पण ती माती खाली कशी गेली, याची जुन्या माणसांकडे वेगळी हकिकत आहे.

फार पूर्वी राईच्या अगदी डोक्यावर लाडीचं नाचणीचं शेत होतं म्हणे. तिच्या नवऱ्यानं, सुभानानं, कोसभर खालच्या नदीकाठची माती पाटीपाटीनं डोक्यावरून आणून कातळावर पसरली होती. शेत पिकायला लागलं आणि तो तापानं गेला. मागे दोन लेकरं. त्यांच्या पोटाचा सगळा आधार त्या मातीत.

चैत्रात राब भाजायचा, म्हणजे पेरणीआधी शेतात पालापाचोळा पसरून जाळायचा, तो दुपारी, समुद्राकडून खारा वारा सुटल्यावर. सकाळी वाहतो तो मतलई, डोंगराकडून समुद्राकडे. तो आग थेट राईवर नेतो. हे पोरासोरांनाही ठाऊक. पण लाडीचा दीर गुणाजी उतावळा. त्याला जत्रेला जायचं होतं. "वारा पडलाय की," म्हणाला आणि सकाळीच आपल्या राबाला पेटती चूड लावली.

वारा पडला नव्हता, दबा धरून होता. सड्यावरचं वाळलं गवत धडधडत पेटलं. गाव टहाळे घेऊन धावलं, पण आग माणसांच्या पुढे पळत कडेवरून घळीत उतरली. खाली गुडघाभर पाचोळा धुमसू लागला. त्याच राईच्या मुळाशी गावाचा एकुलता झरा. राई गेली की झरा गेला, झरा गेला की गाव उठलं. आणि चैत्रात झऱ्याला पाणी ते किती? घागर भरायला बसून राहावं लागे.

"माती टाका रे!" दाजी गावकर ओरडले. पण कातळावर माती कुठली? सगळ्यांच्या नजरा एकाच जागी गेल्या आणि तिथून हळूच हटल्या. विधवेच्या शेताला हात घाला, हे कुणी म्हणावं?

गुणाजीच बोलला. "वयनी, दादाची माती..."

"त्याचं नाव घेऊ नको मेल्या!" लाडी कडाडली. पाटी तिच्या हातात होती. तिनं शेताकडे पाहिलं, खाली धुराकडे पाहिलं. शेजारीण म्हणाली, "लाडे, पोरं काय खातील गो?"

"पाणी तरी पितील."

तिनं वाकून पहिली पाटी भरली. घळीच्या तोंडाशी उभी राहून राईतल्या देवीला म्हणाली, "आये, ही माती तुला वाहिली. परत मागायची नाही. पाण्यावरची सावली तेवढी राख."

मग सगळे वाकले. पाट्या, सुपं, लुगड्यांचे ओचे, मिळेल त्यानं माती आगीवर पडू लागली. शेत खरवडता खरवडता काळा कातळ उघडा पडला, तरी एका टोकाला ज्वाळा सुरंगीच्या खोडाला चाटतच होत्या. लाडी नखांनी फटींतली माती उकरू लागली. ती शेवटची मूठ तिनं टाकली आणि त्याच क्षणी, वेळेच्या आधीच, खारा वारा आला, असं सांगतात. ज्वाळा वळल्या, जळल्या गवतावर आल्या आणि तिथेच विझल्या.

संध्याकाळी गुणाजी तिच्या दारात आला. "सड्यामागच्या उतारावरचं माझं अर्धं शेत तुझं, वयनी."

"ते तर घेईनच, माझ्या पोरांचं आहे ते," लाडी म्हणाली. "पण चूडही दे. यापुढे तुझ्या हातात ती नको, आणि गावातल्या कुठल्या उतावळ्याच्याही नको."

वाहिलेल्या मातीवर राई आणखी दाटली; सड्यावर तेव्हापासून पावसाळी गवत आणि बोटभर फुलं, एवढंच. आजही चैत्रात लाडीच्या घरची बाई चूड घेऊन कातळावर समुद्राकडे तोंड करून बसते. पुरुष मागे बसून कुरकुरतात, "काकी, आज वारा येतोय की गलबतात बसून निघालाय?" ती मान वळवत नाही. खारा वारा तिच्या कपाळावरचे केस मागे सारतो, मगच ती उठते. तोवर पांगारवाडीत चुलीबाहेर ठिणगी पडत नाही.