रेवाला काढलं त्या दिवशी

‘शून्यपथ’ ही अंतराळमालिका सुरू झाली तेव्हा हेमांगी शाळेत होती. आता तिचे केस पिकायला लागले होते. चाहत्यांच्या मेळाव्यात निर्माते कामेरकर गरजले, “कॅप्टनची सोबतीण रेवा आता बंद! नुसती घाबरते आणि ‘मग?’ विचारते. तिच्यावाचून गोष्ट कशी रंगते, आत्ताच सांगून दाखवतो. आणि उलट बोलेल त्याला यापुढे इथे पाऊल ठेवू देणार नाही.”

इतका वेळ तावातावाने भांडणारे चाहते चिडीचूप झाले. हेमांगी मात्र उठली. “सांगा, साहेब. फक्त कुणीही हुंकार द्यायचा नाही, एवढीच अट.”

कामेरकर हसले. दिवे मंद करवून त्यांनी सुरुवात केली, “मेलेल्या ग्रहावर कॅप्टन एकटाच उतरला. मागून कुणाचा तरी श्वास ऐकू आला...”

समोरून चकार शब्द नाही.

“श्वास... मानेजवळ आला...”

अंधारातून शेकडो डोळे नुसते बघत होते. कामेरकरांनी एकदा मागे वळून पाहिलं.

“अहो, ऐकताय ना? कुणीतरी ‘मग?’ म्हणा की!”

हेमांगी म्हणाली, “ते रेवाचं काम, साहेब. तिला तर तुम्ही आत्ताच काढून टाकलंत.”