दोरी कोणाच्या हाती

एका विहारात एक भिक्षू तापाने पडला होता. त्याच्या उशाशी बसण्याचे काम ज्याला दिले होते, तो भिक्षू मनाने फार मऊ होता. कोणी झाडायला बोलावले की तो झाडायला जाई, कोणी चीवर धुवायला बोलावले की धुवायला. आजारी भिक्षू दुपारभर पाण्यावाचून तळमळत राहिला. हे कळताच बाकीचे भिक्षू संतापले आणि उशाशी न थांबलेल्या त्या भिक्षूला घालवून द्या असे सांगायला आपल्या गुरूंकडे, शास्त्यांकडे, गेले. शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, याचा हा स्वभाव या जन्माचा नाही," आणि त्यांनी मागची हकीकत सांगितली.

फार पूर्वी अश्मक देशात वीरसेन नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व विहिरी खणणाऱ्यांच्या कुळात जन्मला. मोठा झाल्यावर तो एका टोळीचा नायक झाला. जिथे पाण्याचे हाल असत तिथे ही टोळी जाई आणि पाणी लागेपर्यंत तिथेच राही.

विहिरीत उतरणाऱ्याच्या कमरेला दोरी बांधत. तिचे दुसरे टोक वर एका माणसाच्या हातात असे. मातीच्या टोपल्या ओढणारे वेगळे असत. या माणसाने फक्त दोरी धरून बसायचे. खालून हिसका बसला की ओढायचे, नाही बसला तर दिवसभर काहीच करायचे नाही.

हे काम खरक नावाच्या माणसाकडे होते. खरकाचा हात दोरीवर असे आणि तोंड सगळ्यांवर. टोपली अर्धीच का भरली, कुदळ वाटेत का टाकली, तू कालही उशिरा आलास. त्याच्या नजरेतून काही सुटत नसे, आणि जे दिसे ते बोलल्यावाचून त्याला राहवत नसे. त्याच टोळीत सुमुख होता. तो कुणाला कधी नाही म्हणाला नव्हता. ज्या गावात टोळी जाई, तिथली पोरे दोन दिवसांत त्याच्या खांद्यावर असत.

एकदा टोळी माळावरच्या एका गावात विहीर खणत होती. तिथल्या बायका दूरच्या नदीवरून पाणी आणत. काम निम्म्यावर आले असताना माणसे बोधिसत्त्वाकडे आली.

"नायका, खरकाला दोरीवरून काढ. नाहीतर आम्ही चाललो."

"त्याने कधी दोरी सोडली का?"

"दोरी नाही सोडली. आम्हालाही नाही सोडलं! तो वर बसला की वाटतं, सासू बसलीय."

"मग दोरीवर कोण?"

"सुमुख! आणखी कोण?"

सुमुख हसत म्हणाला, "सगळ्यांना हवं असेल तर बसतो की."

बोधिसत्त्वाने विचार केला, 'हे आत्ता रागात आहेत, सांगून पटणार नाही. टोळी मोडली तर गाव कोरडे राहील.' तो म्हणाला, "ठीक आहे. पण सुमुख दोरीवर असेपर्यंत विहिरीत मी एकटा उतरेन."

असे का, हे कोणी विचारले नाही. रोज उतरणारा माणूस तर सुट्टी मिळाली म्हणून खूश झाला. खरकाला दगड घडवायला बसवले. तो म्हणाला, "बरं झालं. दगड निदान उलट बोलत नाहीत."

काही दिवस काम हसतखेळत चालले. पुढे मुरूम संपला आणि वाळूचा थर लागला. वाळू हलक्या हाताने उपसावी लागते, कारण ती कधी घसरेल याचा नेम नसतो. त्या सकाळी बोधिसत्त्व तळाशी होता. वर गावातली एक म्हातारी नदीवरून घागर घेऊन आली. दम लागला म्हणून तिने ती खाली ठेवली होती.

"लेकरा, एवढी डोक्यावर दे रे. माझ्याने उचलवत नाही."

सुमुखाने दोरीकडे पाहिले, म्हातारीकडे पाहिले. दोरी त्याने खुंटीला गुंडाळली आणि तो उठला. घागर डोक्यावर दिली, तर म्हातारीचा तोल जाऊ लागला. "चल आजी, दारापर्यंत मीच नेतो," असे म्हणून तो घागर घेऊन चालू लागला.

तेवढ्यात खाली वाळू घसरली. बोधिसत्त्व छातीपर्यंत गाडला गेला. त्याने दोरीला हिसका दिला. खुंटी हलली, दुसरे काही झाले नाही. वरून वाळू येतच होती.

खरक दगड घडवीत होता, पण सवयीने त्याचे डोळे दुसऱ्यांच्या कामावर होते. "अरे, दोरी कुणाकडे आहे?" तो ओरडला. उत्तराची वाट न पाहता त्याने छिन्नी टाकली, धावत जाऊन दोरी धरली आणि पाय रोवून ओढू लागला. मग माती टाकायला गेलेले टोपलीवाले धावले. बोधिसत्त्व वर आला तेव्हा त्याच्या तोंडात वाळू होती आणि एक पाय मोडला होता.

सुमुख परत आला आणि सगळा प्रकार पाहून रडू लागला. माणसे त्याच्यावर तुटून पडली. "घालवा याला! गोड बोलून माणूस मारला असता याने!"

बोधिसत्त्व म्हणाला, "थांबा. आधी खरकाला नको म्हणालात, कारण त्याला सगळ्यांच्या चुका दिसतात. त्या दिसल्या म्हणून मी जिवंत आहे. आता सुमुखाला नको म्हणता, कारण त्याला नाही म्हणता येत नाही. ते तर तुम्हाला तेव्हाही ठाऊक होतं, आणि म्हणूनच तो तुम्हाला दोरीवर हवा होता."

मग त्याने विहिरीकडे बोट दाखवले.

"वाळू थोपवायला लाकूड लागेल. माळावर झाड नाही. लाकूड गावातल्या घरांतच आहे. मागायला कोण जाईल? खरका, तू जातोस?"

"मला कोण देईल? खुंटीसुद्धा देणार नाहीत."

"मग सुमुख जाईल."

"आणि वाटेत कुणाचं वासरू धरत बसला तर?"

"तर लाकूड उशिरा येईल. माणूस मरणार नाही."

सुमुख डोळे पुसून गावात गेला. कुणी गोठ्याचा वासा काढून दिला, कुणी जुने दार. सुमुख खरेच उशिरा आला, पण त्याच्यामागे वासे घेतलेले निम्मे गाव होते. वाळूला लाकडाचा आधार मिळाला आणि खरक पुन्हा दोरीवर बसला. त्याने पहिल्याच दिवशी तीन वासे वाकडे लावल्याचे दाखवून दिले. माणसांनी तोंडे वाकडी केली, पण वासे सरळ केले. पाऊस येण्याआधी विहिरीला पाणी लागले. बोधिसत्त्व पुढे आयुष्यभर लंगडत चालला आणि त्याने आणखी पुष्कळ विहिरी खणल्या.

ही हकीकत सांगून शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा सुमुख म्हणजे आज उशापासून उठून गेलेला हा भिक्षू. खरक म्हणजे सगळ्यांच्या चुका काढतो म्हणून तुम्हाला नकोसा झालेला, कोठार सांभाळणारा भिक्षू. तेव्हाची टोळी म्हणजे तुम्ही, आणि टोळीचा नायक मी होतो. आजपासून आजाऱ्याजवळ कोठाराचा भिक्षू बसेल. आजाऱ्यासाठी पेज आणि औषध मागायला हा गावात जाईल. माणसाचा स्वभाव नीट पाहावा आणि त्याचा दोष जिथे कुणाचा जीव घेणार नाही तिथे त्याला उभे करावे. हीच प्रज्ञापारमिता, शहाणपणाची पूर्णता."

कोठाराचा भिक्षू उठला. आजाऱ्याच्या खोलीत जाऊन त्याने पाण्याचे भांडे उचलून पाहिले आणि ते घासले नाही म्हणून कुरकुर करीत, घासून, भरून उशाशी ठेवले.