हत्तीपेटी महाग, मोरपेटी स्वस्त

फार फार वर्षांपूर्वी, तुमच्या पणजोबांचे पणजोबाही रांगत नव्हते तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनी जरा जास्तच लक्ष देऊन ऐकावी.

एका राज्यात खेळपेट्या मिळत. दांडा फिरवला की पेटीच्या काचेवर माकड पळू लागे. खुंटी दाबली की ते उडी मारी. चुकलात की माकड खंदकात, आणि पुन्हा पहिल्यापासून! पेट्या दोन तऱ्हेच्या. एक साधी हत्तीपेटी, दुसरी नक्षीदार मोरपेटी.

पुढे कारागीर गेले, पेट्या बनेनाशा झाल्या. एका व्यापाऱ्याने जत्रेत पाहिलं, तर टवके उडालेली जुनी हत्तीपेटी लोक सोन्याच्या भावात नेत होते आणि चकचकीत मोरपेटीला कुणी विचारत नव्हतं.

"हे काय आक्रीत?" त्याने विकणारीला विचारलं.

"अहो, हत्तीपेट्या उरल्यात कुठे? पोरांनी खेळून खेळून मोडल्या," ती म्हणाली. "आणि दुसरं असं की..."

पण दुसरं ऐकायला हा थांबतोय कशाला! वस्तू कमी उरली की भाव चढतो, मग आज ना उद्या मोरपेट्यांचाही चढेल, एवढंच डोक्यात घेऊन तो निघाला. शेत विकलं, बैल विकले, राज्यातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या मोरपेट्या घेतल्या आणि माडीवर कुलपात ठेवल्या. किराणा दुकान तेवढं राहिलं.

तेव्हापासून त्याच्या जिवाला घोर लागला. वाळवी लागली तर? ओल आली तर? चोर शिरला तर? भरल्या ताटावरून उठून तो कुलूप ओढून पाही.

"बाबा, एकदाच खेळू द्या ना," त्याची लहान मुलगी म्हणे. "अगदी हळू दाबीन खुंटी."

"खबरदार! ओरखडा पडला तर भिकेला लागू आपण."

"अहो, पोरीपेक्षा पेटी मोठी झाली का?" बायको कळवळून विचारी.

"तिच्याचसाठी चाललंय हे सगळं!" तो खेकसे. आणि खरं सांगते, मेल्याला मनापासून तसंच वाटत होतं.

वर्षं सरली. मुलगी लग्न होऊन सासरी गेली. एकदाचं त्याने कुलूप काढलं आणि सगळ्या पेट्या जत्रेत मांडल्या. एकीवरही ओरखडा नव्हता. लोक येत, "छान आहे हो," म्हणत आणि पुढे जात. दुपार टळली तसं त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

शेजारी तीच विकणारी बसली होती. तिला त्याची दया आली. "तेव्हा तुम्ही पुढचं ऐकलंच नाहीत. मोरपेट्या मुळात महाग होत्या, म्हणून लोकांनी पोरांना हात लावू दिला नाही. उरलेल्या तुम्ही कोंडल्या. ज्यांनी खेळ खेळलाच नाही, ते त्याच्यासाठी झुरतील कशाला?"

इतक्यात एका बाईने तुटक्या खुंटीची हत्तीपेटी उचलली आणि हातातली सोन्याची बांगडी काढून दिली. व्यापाऱ्याने पाहिलं, तर ती त्याचीच लेक!

"अगं वेडे, माझ्याकडे कोऱ्या पेट्या असताना ही मोडकी घेतेस?"

लेकीने पेटी छातीशी धरली. "शेजारच्या काकू मला अशाच पेटीवर खेळू द्यायच्या, बाबा. माकडाने पहिल्यांदा खंदक ओलांडला तेव्हा मी अंगणभर नाचले होते. तुमच्या पेटीतलं माकड मी कधी पाहिलंच नाही."

व्यापाऱ्याने आपल्या कोऱ्या पेट्या एकेक करून आवरायला घेतल्या. शेत गेलं होतं, आणि लेकीचं बालपण शेजारच्या घरी खेळून संपलं होतं. दोन्ही परत मिळणार नव्हतं.

यातून घ्यायचं ते एवढंच: वस्तूला मोल येतं ते तिच्यावर कुणाचा तरी जीव जडल्याने, आणि कुलपात ठेवलेल्या वस्तूवर कुणाचाच जीव जडत नाही.