कबरीची शेवटची खेप

माणसं घराला अजून कुलूप लावत नव्हती, तेव्हाची गोष्ट. गवताच्या कोठारात कबरी नावाची मांजर आपली तीन पिल्लं घेऊन राहायची. भिंतीवर, तिचा पंजा पोहोचणार नाही इतक्या उंच, एक म्हातारी पाल होती. पालीला दुसरा शेजार नव्हता.

एक दिवस पिल्लांवर टपलेल्या बोक्याला कोठाराचा वास लागला. कबरीने बिऱ्हाड हलवायचं ठरवलं. एक पिल्लू तोंडात धरून ती कुंभाराच्या विझलेल्या भट्टीत ठेवी. पण दुसऱ्याला आणायला वळली, की पहिलं टाहो फोडी. बोक्याने ऐकलं तर संपलंच! घाबरून ती पिल्लाला परत कोठारात आणी. सकाळपासून नुसत्या येरझाऱ्या चालल्या होत्या.

“पालआजी, काय करू गं?” कबरी रडकुंडीला आली.

पालीला उपाय ठाऊक होता. पण तो सांगितला, तर शेजार जाणार होता. अखेर ती चुकचुकली, “पोरी, आधी घर ने, मग पोरं. ती ज्या गोणपाटावर निजतात, ते आधी तिथे टाक.”

कबरीने गोणपाट ओढत नेलं. त्याच्या ओळखीच्या वासात पिल्लं एकेक करून मुकाट निजली.

दिवस कलताना कबरी कोठारात परत आली.

“काही राहिलं का गं?” पालीने विचारलं.

“नाही, आजी. एकदा बघून जावं म्हटलं.”

पाल भिंतीवरून वीतभर खाली सरकली. दोघी थोडा वेळ तशाच बसून राहिल्या.

तेव्हापासून बिऱ्हाड हलवल्यावर मांजर एकदा रिकाम्या तोंडाने जुन्या जागी येऊन जाते. लोक म्हणतात, तिला पिल्लं मोजता येत नाहीत.