निळ्या मोटारीखालची कोरडी जमीन

गाड्या आपसांत सुखदुःख बोलत, तेव्हाची ही गोष्ट. घाटाखाली चंद्री नावाची म्हातारी जीप होती. चढ लागला की तिच्या इंजिनात टकटक होई, तेल ठिबके आणि ती लाजेने अर्धमेली होई.

एके दिवशी मालक दौलतरावांनी तिला यासीनचाचांच्या गॅरेजात आणलं. चाचांनी इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडताच चंद्रीने टकटक दाबून धरली. तेलाचे थेंब तर तिने इंजिनाखालच्या पत्र्यावर केव्हाच झेलून ठेवले होते.

“गाडी तर गुणी दिसते,” चाचा म्हणाले. “चहा घेऊ, मग परत बघतो.”

दोघे गेल्यावर चंद्रीने शेजारच्या वेल चढलेल्या निळ्या मोटारीकडे पाहिलं.

“ताई, तुझ्याखाली तेलाचा एक डाग नाही. नशीबवान आहेस बाई!”

“अगं, तेल असेल तर गळेल ना?” मोटार हळूच म्हणाली. “चारचौघांत शोभा नको म्हणून मीही असंच झाकलं. सगळं तेल संपलं आणि भर रस्त्यात इंजिन जाम झालं. तेव्हापासून इथेच उभी आहे, अगदी स्वच्छ.”

दोघे परतले. चाचांनी किल्ली फिरवली आणि चंद्रीने सगळी लाज सोडली. टकटक ऐकून झाडावरचे कावळे उडाले. चाचा वाकून बघू लागले, तोच पत्रा हलला आणि त्यांच्या बाहीवर तेल सांडलं.

दौलतरावांचा चेहरा पडला. “संपली का हो गाडी?”

“संपलेली ती तिकडे उभी आहे,” चाचा बाही वर सारत म्हणाले. “ही तर आत्ता कुठे बोलली.”