काचेवरच्या बाया

“मग बुरशी तशीच ठेवायची होती का?” निरंजनने विचारलं.

जिल्ह्याचा दप्तरखाना सांभाळता सांभाळता म्हातारे झालेले तात्या खिडकीच्या उजेडात काच धरून बसले होते.

काच म्हणजे जुन्या फोटोची निगेटिव्ह. तलावाच्या बांधकामावरची. पुढे खुर्च्यांवर साहेब, मागे डोक्यावर पाट्या घेतलेल्या बाया. कागदावरची प्रत कुठेच नव्हती. पेटी आली ती तात्यांच्या आधी त्यांच्या शिष्याने, निरंजनने, उघडली. हाताच्या सफाईचा त्याला भारी अभिमान.

साहेब जागच्या जागी होते. मागे, बायांच्या जागी, नितळ काच.

“ओल्या फडक्याने?”

“हो. साहेबांच्या बाजूला बुरशी नव्हती. मागेच होती.”

“चित्र काचेत नसतं रे. वर साय असते पातळ, तिच्यात असतं. ओलं लागलं की निघून येतं... मला पुसलं का नाहीस?”

“एवढ्याशा कामाला काय पुसायचं, तात्या?”

बाहेर बाकावर गजराबाई बसल्या होत्या. त्या झोळीत असताना त्यांची आई त्याच तलावाच्या कामावर दगावली. तिचा फोटो सापडला का, हे विचारायला त्या दर वर्षी यायच्या आणि हात हलवत परत जायच्या. या खेपेला पेटीच्या आधी आलेल्या यादीत त्यांच्या आईचं नाव वाचून तात्यांनीच निरोप धाडून बोलावलं होतं.

त्यांनी बाईंना आत घेतलं.

“गावला का वो फोटू?”

“गावला होता, मावशी. तुमची आई ह्यात होती... काल आमच्या हातून गेली.”

“कशानं?”

तात्यांनी टेबलावरच्या फडक्याकडे बोट केलं. त्याच्या मधोमध काळपट डाग होता.

गजराबाई रडल्या नाहीत. रडायला चेहरा तरी माहीत हवा.

त्या फडक्याजवळ मान खाली घालून उभ्या असलेल्या निरंजनकडे वळल्या. “तू बगितली आसशील की, लेकरा. कशी व्हती दिसाया?”

“आजी, मी... मी बुरशीच बघत होतो.”

बाईंनी मान हलवली. फडकं उचललं, पदराच्या टोकाला बांधलं आणि कुणाचा निरोप न घेता निघून गेल्या.

पायरीवरून त्यांची काठी वाजत गेली. ती ऐकू येईनाशी झाली तेव्हा निरंजन खाली बसला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला आपल्या हातांची किळस आली.

“तात्या, काहीतरी शिक्षा सांगा. काहीही.”

तात्या ती काच पुन्हा कागदात गुंडाळत होते. साहेबांसकट.

“त्या बायांना जन्मात कुणी पुसलं नव्हतं रे,” ते म्हणाले. “पहिला तूच.”