डाळिंबवाल्याची काठोकाठ ट्रॉली

एका गावात शेजारी शेजारी दोन शेतकरी राहत होते. एक ऊसवाला, एक डाळिंबवाला. ऊसवाल्याकडे भला थोरला ट्रॅक्टर होता. डाळिंबवाल्याकडे होता छोटा, झाडांच्या दोन ओळींमधून एकही फूल न पाडता फिरणारा.

सगळी बाग त्या छोट्याच्या जिवावर उभी होती. पण डाळिंबवाल्याला ते दिसेल तर शपथ! शेजारचा ट्रॅक्टर धडधडत दारावरून गेला की याच्या पोटात दुखायचं. पोरं त्याच्यामागे धावायची, म्हातारे मान वळवून बघायचे. "आपल्याकडे कुणी बघतंय का?" असं म्हणून तो बायकोवर करवादायचा. जणू तिनेच पोरांना पढवलं होतं.

त्या वर्षी गावाने देवळापुढे ओटा बांधायला काढला. दगड टेकडीवरच्या खाणीतून आणायचे होते. ऊसवाल्याने काठोकाठ ट्रॉली भरून आणली. बायांनी त्याच्या ट्रॅक्टरला ओवाळलं, पुढे नारळ फोडला. डाळिंबवाल्याला त्या नारळाचं खोबरंसुद्धा कडू लागलं.

दुसऱ्या दिवशी तो ऊसवाल्याच्या दारात उभा राहिला. "दादा, तुमची मोठी ट्रॉली द्या. मीही दगड आणतो."

"ने की. पण अर्धीच भर बाबा. तुझा ट्रॅक्टर हलका, आणि खाणीचा उतार वाईट. दोन खेपा कर."

अर्धी! शब्द मिरचीसारखा झोंबला. 'मला अर्धा समजतो काय,' असं तो वाटभर पुटपुटत राहिला.

खाणीवर त्याने ट्रॉली काठोकाठ भरायला लावली. निघताना ट्रॅक्टरचं तोंडच वर उचललं गेलं. मजूर म्हणाले, "मालक, थोडे दगड उतरवू का?" उतरवायचं राहिलं बाजूला, तोंड खाली बसावं म्हणून त्याने आणखी दगड घेऊन ते ट्रॅक्टरच्या पुढच्या टोकाला बांधायला लावले.

आणि काय सांगावं, ट्रॅक्टर निघाला! सपाटीवर धूर ओकत, कण्हत का होईना, ओढू लागला. "बघा! ओढतोय की नाही?" डाळिंबवाला ओरडला.

मग उतार लागला.

आता ट्रॉलीच ट्रॅक्टरला ढकलू लागली. तो ब्रेकवर अक्षरशः उभा राहिला. चाकं थांबली, पण मागचे दगड कुठले थांबतात? ट्रॉलीने ट्रॅक्टरला आडवं केलं आणि दोन्ही ओढ्यात गेले. डाळिंबवाल्याने उडी मारली म्हणून वाचला. पाय मात्र मोडला, आणि छोटा ट्रॅक्टर पार चेमटला.

नेमकी बाग फुलावर होती. फवारणी चुकली तर वर्षाचं पीक हातचं जाणार होतं.

एका सकाळी दारात धडधड झाली. ऊसवाला आपला ट्रॅक्टर घेऊन आला होता. "फवारणी होईपर्यंत ठेव तुझ्याकडे."

ज्याच्यासाठी इतका जीव जळला, तो आपणहून दारात! डाळिंबवाल्याचे डोळे भरून आले. पण ट्रॅक्टर पहिल्या ओळीत शिरला आणि फुलांनी लगडलेली फांदी काडकन मोडली. पुढे जायला वाटच नव्हती. ऊसवाल्याने तो मागे घेतला.

"इथे तुझाच चालायचा रे," तो हळहळला. "मीही यंदा डाळिंब लावणार होतो, ते तुझ्या त्या छोट्याच्याच भरवशावर."

बायकोने पाठीवर पंप अडकवला. डाळिंबवाला बांधावर मोडका पाय पसरून तिला बघत राहिला. दिवस मावळला तेव्हा अर्धीसुद्धा बाग झाली नव्हती.

तात्पर्य काय, तर सपाटीवर ओढता आलं म्हणून फुगू नये. उतारावर थांबवता येईल तेवढंच ओझं मागे जोडावं. आणि शेजाऱ्याकडे बघून तर मुळीच जोडू नये.